जिभेवरचा पांढरा थर

बुधवार, संध्याकाळ

आरशात पुन्हा जीभ पाहिली. पांढरा थर आहेच. डॉक्टर म्हणाले होते, बुरशी आहे, साखर बंद करा, झोपताना कवळी काढून ठेवा. पंधरा दिवस साखरेला शिवलो नाही. मग जात का नाही?

आज हिनं माझ्या चहात गूळ पकडला. "अहो, गूळ काय खारट असतो का?"

"डॉक्टर साखर म्हणाले. गुळाचं नाव कुठं घेतलं?"

"आणि उपासाचे खजूर? तेही औषधच वाटतं!" ही हसत सुटली. मला हसू येईना.

रविवारी देवळाली कॅम्पला लेकीच्या बाळाचं उष्टावण. खिरीचा पहिला घास मी भरवायचा. गरम खीर मी फुंकणार, चाखणार आणि तोच चमचा त्याच्या तोंडात? छे.

शिवाय कवळी काढतो म्हणून हिला खोटंच सांगत आलो. बोळकं तोंड दाखवायची लाज, या वयात! आज तिच्यासमोरच काढून वाटीत ठेवली. तिनं वाटीत पाणी तेवढं ओतलं.

मग तसाच, बोळक्या तोंडानं, लेकीला फोन केला. तिला माझं निम्मं बोलणं कळेना. दोनदा सांगितलं, चमचा मी धरीन, फुंकर तू घाल.

परत आरसा पाहिला. थर आहेच.