मागची भिंत

३ मार्च, सोमवार
आजवरचा खरा हिशेब: अंगठ्याचं एक नख, घणाचा एक दांडा, एक चांगली पँट (गुडघ्यात) आणि शेजारच्या रिटायर मास्तरांशी अकरा वर्षांची बोलचाल. बदल्यात मिळालं काय? मागच्या अंगणातल्या शेडचा एक पत्रा. तोही वाऱ्याने पाडला.

हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणतात, रोज सकाळी तासभर ऊन हवं. आणि अंगणातलं सगळं ऊन ही शेड खाते. रविवारी सकाळी हिची खुर्ची उन्हात! शब्द दिलाय.

शेड पडत नाही, कारण ती बांधली कुणी? मी. बावीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या हातांनी. गवंडी नुसता हाताखाली. ओल्या कोब्यावर कोपऱ्यात पंजा उमटवलाय. सध्या त्यावर जुनी दारं, मोडका कूलर, टायर. मोकळा झाला की सगळ्यांना दाखवणार.

मास्तर कंपाउंडवरून म्हणाले, आधी नट-बोल्ट सोडवा, मग ठोका. मी म्हटलं, वर्ग सुटला मास्तर, घरी जा. ते घरीच होते. जास्तच राग आला.

४ मार्च
संकल्प: ओरडायचं नाही.
७.२० ला मोडला. ही खिडकीतून म्हणाली, अहो, चहा घेऊन जा, शेड कुठे पळून जात नाही.

५ मार्च
शेवटी त्याच गवंड्याला बोलावलं. लोक त्याला चारबोट्या म्हणतात, डाव्या हाताची करंगळी लहानपणापासून नाही. शेडचा खांब त्याने बैलाची पाठ थोपटावी तसा थोपटला. म्हणाला, शेठ, काम पक्कं आहे हो. मी म्हटलं, असणारच. तो हसला. का हसला, विचारायला वेळ नव्हता, दुकान उघडायचं होतं. नळ आणि बेसिन विकून वर आलेला माणूस मी, कामं वाटून देणं मला कळतं. स्पष्ट सांगितलं: उद्या मी दुकानातून येईपर्यंत मागची भिंत पाडून ठेव.

६ मार्च, संध्याकाळ
पाडली. आमची आणि मास्तरांची मधली! शेड ताठ उभी. पलीकडे मास्तर बनियनवर, हातात पाण्याचा पाइप, माझ्याकडे बघतायत.
हा म्हणतो, शेठ, मागची भिंत म्हणालात, घराच्या मागे हीच एक भिंत. मी गरजलो, शेडची रे, शेडची! तर शांतपणे म्हणतो, शेडला मागची भिंत कधी नव्हतीच, कंपाउंडलाच टेकवली होती ना आपण.
ज्याने बांधली त्यालाच शिकवतोय! संकल्प पुन्हा मोडला. चार घरं पलीकडे ऐकू गेलं म्हणे.

७ मार्च
सकाळी ही घरात नाही. वॉकरही नाही. बघतो तर पडलेल्या भिंतीतून पलीकडे, मास्तरांच्या अंगणात, मास्तरीणबाईंबरोबर उन्हात बसलेली. हसत होती. आमच्याकडे ती महिनाभर अशी हसली नव्हती. मी हाक मारली, तर म्हणाली, येते हो, रविवारी बसेन की आपल्याकडे, तुम्ही शब्द दिलाय.
टोमणा होता. माझे कान तिखट आहेत.

९ मार्च, रविवार
चारबोट्याने पाना घेतला, नट-बोल्ट सोडवले. चाळीस मिनिटांत शेड जमिनीवर. मास्तर नुसते घड्याळ बघत होते. बोलले असते तर बरं.
हिची खुर्ची उन्हात ठेवली. शब्द म्हणजे शब्द. मग सगळ्यांना बोलावलं, टायर बाजूला केले, कोपरा झाडला, वर तांब्याभर पाणी ओतलं. पंजा लख्ख दिसला. हिने चष्मा लावून वाकून पाहिलं. चारबोट्याने डावा हात खिशात घातला.

ठशाला चार बोटं आहेत.