मी उठेपर्यंत

३ नोव्हेंबर १९०८
बुर्गा रडली! माझी मेलिटा मेली आणि बुर्गा रडली!

चहानंतर पिवळ्या दालनात दरबारातल्या बायकांना नव्या कादंबरीतलं मेलिटाच्या मरणाचं प्रकरण वाचून दाखवलं. बुर्गा लग्नापासून माझ्या पदरी आहे. माझी बाळंतपणं, सासूबाईंचं मरण, सगळं पाहिलंय तिनं — डोळ्यांतून कधी टिपूस नाही. आज मात्र रुमाल पिळून घ्यावा अशी गत! मध्येच एक नोकर येऊन तिच्या कानाशी कुजबुजला. मी नुसती मान वर केली, तो पसार. मग पुढचं प्रकरणही वाचलं. तवा तापलाय तोवर पोळी भाजून घ्यावी!

जेवताना हे म्हणाले, "काय लेखिकाबाई, आज कुणी जांभया नाही दिल्या?" म्हणोत बापडे. मागच्या पुस्तकाची वर्तमानपत्रांनी तोंडभर स्तुती केली, ती इथल्या डचेसची. लेखिकेची नव्हे. एवढं कळतं मला. म्हणून तर बुर्गाचं रडणं लाखमोलाचं.

४ नोव्हेंबर
लाज वाटते. लिहायलाही हात उठत नाही.

दासी लेने सकाळी माझे केस विंचरत होती. मी आपली कौतुकानं बुर्गाचं रडणं सांगतेय. तिचा हात थांबला.

"सरकार, तिची बहीण शेवटच्या घटका मोजत होती हो, नदीपलीकडे. तेच सांगायला आला होता तो नोकर. 'बुर्गाला बोलवा, बुर्गाला बोलवा,' असा धोशा लावला होता म्हणे इर्मगार्डबाईंनी."

"मग उठून का नाही गेली?"

लेनेनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "आपण बसला होता ना."

खरंच की! मी उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही. इतकं अंगवळणी पडलंय की मला वाटायचं, बायका आवडतं म्हणून बसतात. मी वही मिटली तोवर शेवटची नाव सुटली होती. बुर्गा पहाटेच्या नावेनं गेली. इर्मगार्ड रात्रीच गेली होती.

आणि मी पुढचं प्रकरण वाचत होते — हौसेनं, आवाज चढवून!

६ नोव्हेंबर
ह्यांना सांगितलं. "रीतच आहे ती. तुझा काय दोष?" म्हणाले, आणि पावाला लोणी लावत राहिले.

७ नोव्हेंबर
सकाळी लिहायला बसले. काय लिहिलं? एक बाई नदीकाठी धावत येते आणि नाव सुटलेली असते. छान उतरलंय, असं आधी वाटलं. ती बाई कोण, ते मागाहून लक्षात आलं. शी! फाडून शेगडीत घातलं. अगं, जनाची नाही तर मनाची तरी!

१० नोव्हेंबर
बुर्गा परत आली. मी तिच्या खोलीत गेले. मला पाहताच धडपडून उठली. गुडघे धरलेत तिचे. तिला बसता यावं म्हणून मी घाईनं खुर्चीत बसले, तरी 'बस' म्हणेपर्यंत ती उभीच.

"बुर्गा, मला माफ कर गं."

"सरकारांनी असं बोलू नये."

"तू नुसती खूण केली असतीस तरी—"

"आपण रंगात होता."

राग नाही, टोमणा नाही. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

१६ नोव्हेंबर
आज रीत मोडली. वाचनाआधीच सांगितलं — जिला उठावंसं वाटेल तिनं खुशाल उठावं, मी रागावणार नाही. सगळ्या एकमेकींची तोंडं बघत राहिल्या. पहिलं पान संपतंय तोच एक जण खोकत उठली. मग दुसरी. मग रीघच लागली! आज कधी नव्हे ते ऐकायला बसलेले हेसुद्धा गेले, कुत्र्याला फिरवायला. कानशिलं तापली माझी. एवढी वर्षं ह्या सगळ्या नुसत्या अडकून बसल्या होत्या, आणि मी स्वतःला लेखिका म्हणवत होते. थांबावं कसं तेही कळेना. मान खाली घालून वाचत राहिले.

१७ नोव्हेंबर
काल एक लिहायचं टाळलं. बुर्गा उठली नव्हती.

"तूही जा गं," म्हटलं.

म्हणाली, "मला आता कुठं जायचंय, सरकार? वाचा."