निम्मी विहीर

मी, श्रीमती कोकिळा रुपचंद भदाणे, वय ७३, शिक्षण बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र, धंदा शेती, राहणार मौजे बोरखेडे, तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण ते या कामास लागत नाहीत. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. चिरंजीवांनी संक्रांतीला थोडी करून पाहिली, म्हणूनच लिहिण्याची घाई केली.

माझा मुलगा भूपेंद्र वरणगावच्या कारखान्यात नोकरीस आहे. संक्रांतीला तो तिळगूळ आणि मोजपट्टीवाला एक गृहस्थ, असे दोन्ही घेऊन आला. गृहस्थ शेत घ्यायच्या इराद्याने गव्हातून चालत गेले, पायाखाली काय आहे हे न पाहता. परत आल्यावर भूपेंद्रने विचारले, "आई, विहीर आपल्याच गटात येते ना?"

"येते."

"मग प्रश्नच मिटला."

प्रश्न तिथेच सुरू होतो. तो मी कलम ५ मध्ये घेतला आहे. आधी सोपे.

कलम १. गावातील राहते घर भूपेंद्रला. मागचा कडुनिंब तोडू नये. बियाण्याच्या कोठीत त्याचाच पाला लागतो.

कलम २. दागिने मुलगी सारिका हिला, जी धुळ्यास असते. आहेत तेवढेच आहेत. पुरलेले काही नाही, कोणी अंगण खणू नये.

कलम ३. वखर, दोन्ही कोळपी, फवारणीचे पंप आणि तांबड्या बैलांची जोडी आमचा सालदार वना याला. बैल त्याचे ऐकतात, माझे ऐकत नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याचे साल संपते. त्या दिवशी त्याला बोलावून पुढील वर्षाचे विचारावे. तो स्वतःहून विचारणार नाही.

कलम ४. गट नंबर ११२, क्षेत्र एक हेक्टर साठ आर, म्हणजे चार एकर. ही जमीन वाटणीने माझ्या यजमानांकडे आली आणि त्यांच्या पश्चात दोन्ही मुलांनी हक्क सोडल्याने माझ्या नावावर झाली. ती भूपेंद्र व सारिका यांना समान. पुढचे तीन महिने मी असो वा नसो, असे करावे : हरभरा शिवरात्रीच्या आसपास काढावा. गहू पाडव्यापूर्वी घरात यावा. रिकामे झालेले दोन एकर नांगरून चैत्राच्या उन्हात तापू द्यावेत, त्यांत घाईने काही पेरू नये. उत्तरेच्या एकरात सलग तिसऱ्या वर्षी कपाशी लावू नये, मग व्यापारी काहीही सांगो. शेत विकायचेच झाले तर आधी एकमेकांना विचारावे, मग थोरल्या जाऊबाई ताईबाई यांचा मुलगा सुकदेव याला, आणि मोजपट्टीवाल्याला सर्वांत शेवटी.

कलम ५. विहीर. हे सविस्तर लिहिणे भाग आहे.

माझे यजमान रुपचंद व थोरले दीर नवल यांनी १९८३ साली ही विहीर मिळून खणली. अर्धे पाणी ह्याचे, अर्धे त्याचे, असे तोंडी ठरले. भावाभावांत कागद कोण करतो? पुढे वाटणीत विहीर आमच्या गटात आली. दोघे भाऊ वारले आणि पंपाच्या दोन बाजूंना दोन जावा उरल्या : मी आणि थोरली जाऊ ताईबाई. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. मी अमळनेरच्या कॉलेजातून पदवी घेतलेली. या फरकाचा मला अभिमान होता.

जानेवारी २०१५ मध्ये पाण्यावरून कुरबूर होऊ लागली, तेव्हा मी पत्र्यावर रंगाने पाटी लिहून एका सकाळी पंपाशेजारी लावली. "सकाळ : ताईबाई. दुपार : कोकिळा." एवढेच. सुकदेवने ती आईला वाचून दाखवली, "सकाय तुनी पाळी शे माय, दुपारनी काकूनी." आमच्या भागात सकाय म्हणजे सकाळही आणि उद्याही. ताईबाईंनी अर्थ घेतला की आजची दुपार माझी आणि उद्याचा दिवस त्यांचा. म्हणून त्या पहिल्या सकाळी आल्याच नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोटार चालवली. दुपारी माझी माणसे कोरड्या सरींपाशी उभी राहिली. मी जाऊन मोटार बंद केली, स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावले आणि सर्वांदेखत म्हणाले, "वाचता येत नसेल तर विचारावं माणसानं."

त्या म्हणाल्या, "कुलूप तुनं शे, पानी भी तुनंच राहू दे." आणि गेल्या. त्यांचा गहू निसवण्याच्या, म्हणजे ओंबी बाहेर टाकण्याच्या, बेतात होता. तो तसाच वाळला.

चूक माझी होती. चौथ्या दिवशी वनाने मला पाटीचा घोळ समजावून दिला. या गावात चाळीस वर्षे राहून मला सकायचे दोन्ही अर्थ ठाऊक होते. मी पाटी लिहिली ती स्वतःसारख्या वाचकासाठी. चौथ्या दिवसानंतरही मी अकरा वर्षे गप्प राहिले, त्याला शिक्षण एवढेच कारण आहे.

त्या दिवसापासून ताईबाईंनी विहिरीचे थेंबभर पाणी घेतले नाही. त्यांनी बागायत सोडली आणि हिवाळ्यात फक्त दादर पेरू लागल्या, म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी, जी जमिनीतल्या ओलीवर येते. ओल सांभाळली तर येते, असे म्हणायला हवे. ती कशी सांभाळावी हे मी अकरा हिवाळे बांधावरून पाहिले आहे आणि इथे लिहून ठेवते, कारण कोणत्याही पुस्तकात मी ते इतके नीट पाहिले नाही.

पावसाळ्यात त्या पाच वेळा वखर घालतात. पेरणीआधी मूठभर माती वळून लाडू करतात आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडतात. फुटला तर पेरतात, चपटा झाला तर घरी जातात. थंडी पडली की काळी जमीन भेगाळू लागते आणि भेगांतून ओल उडते. त्या बुजवायला लोक पिकाच्या ओळींमधून दोनदा कोळपतात, त्या तीनदा. जिथे कोळपे पोचत नाही तिथे सकाळी सातला, डोक्यावरून शाल बांधून, एकेक भेग टाचेने बुजवत जातात. सत्त्याहत्तराव्या वर्षीसुद्धा. कापणीपूर्वी शेताच्या मधल्या भागातली भरदार कणसे चिंधी बांधून बियाण्याला राखतात. कडेची घेत नाहीत. कडेच्या ताटाला ऊन आणि जागा जास्त मिळते, त्याचे मोठेपण खरे नसते. हे त्यांना कोणी शिकवले, मला माहीत नाही. मला ते दुसऱ्या वर्षाच्या वर्गात शिकवले होते आणि मी विसरले होते.

मी परीक्षेत कधी नक्कल केली नाही. बांधावरून मात्र केली. त्यांचे कोळपे निघाले की तीन दिवसांनी माझे निघे. ज्या वर्षी विहिरीने तळ दाखवला, त्या वर्षी माझा गहू गेला आणि त्यांची दादर पुरुषभर उंच उभी होती. त्या वर्षी दादरीतली पाखरे हाकताना त्यांनी दिलेल्या आरोळ्यांनी माझ्या शेतातलीही उडत. तशी ती अकरा वर्षे उडत आहेत. आभार मानलेले नाहीत, ते येथे मानते.

~~आता भूपेंद्रने शेत विकले तर घेणारा सात-बारा पाहील, आणि त्यावर ताईबाईंचे नाव विहिरीला कुठेच नाही. म्हणून विहिरीचा व तिच्या पाण्याचा निम्मा हिस्सा माझ्या पश्चात श्रीमती ताईबाई नवल भदाणे यांना मिळावा.~~

वरील परिच्छेद आज सकाळी मी स्वतःच खोडला आहे. खाडाखोडीचे कारण लिहिणे कायद्याने बरे, म्हणून लिहिते.

काल वनाबरोबर मी त्यांना निरोप धाडला. आज त्या बांध ओलांडून आल्या. बसा म्हटले तर बसल्या नाहीत.

"वना सांगे, तू मनं नाव लिखेल शे."

"हो, अक्का. निम्मी विहीर. माझ्या पश्चात."

"पश्चात म्हंजे कवय?"

"मी मेल्यावर."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले, बाजारात गाय पाहावी तसे. "तू त धडधाकट शे व. मी तुनापेक्षा चार वरीस मोठी. तवलोंग वावरले काय तुना कागद पाजू?"

वनाने तोंड फिरवून हसू दाबले. मी म्हणाले, "अक्का, ती पाटी माझी चुकली होती."

"कवय कळनं तुले?"

"चौथ्या दिवशी."

"माले तिसरा दिवसलेच कळनं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुलूप तू लायेल व्हतं. मी कसाले बोलू, कालेजवाली?"

मग त्यांनी कामाचे सांगितले. त्यांचे एक एकर पाण्याअभावी दर उन्हाळ्यात रिकामे राहते. वखरून ठेवले आहे, भुईमुगाचे बी फोडून तयार आहे, पेरणीचे दिवस चालू महिनाभरच आहेत. "पानी आते पायजे. मराना टाइम पाहू नको."

कलम ६. त्यामुळे कलम ५ मधील देणे मी मरणावर ठेवलेले नाही. विहिरीचे निम्मे पाणी आजपासून ताईबाईंचे आहे. तसा हक्काचा दस्त नोंदवण्यासाठी मी येत्या मंगळवारी अमळनेरच्या निबंधक कार्यालयात जाणार आहे, आणि भूपेंद्रने मला गाडीने न्यावे. हे मृत्युपत्र त्या दस्ताला फक्त दुजोरा देते. ताईबाई माझ्याआधी गेल्या तर हक्क सुकदेवकडे जाईल. भूपेंद्र, तुला हे पटणार नाही. तुझे वडील आणि मोठे बाबा एकाच दोराला लोंबकळत त्या विहिरीत उतरले होते. तुझ्या मोजपट्टीवाल्याला ते सांग.

सही करण्यास आज उशीर झाला. लाईट आली आणि मोटार अडली, म्हणून दोन्ही साक्षीदार आधी तिकडे गेले. ते भुईमुगाच्या रानात पाणी सोडून, गुडघाभर चिखलाचे पाय घेऊन आले. त्यांच्यासमक्ष मी हे वाचून, समजून सही करत आहे. आज आणि उद्या पाणी ताईबाईंचे आहे. माझ्या गव्हाची पाळी परवा, तोवर मरण्याचा माझा विचार नाही.

सही : कोकिळा रुपचंद भदाणे

साक्षीदार :
१. प्रेमराज भिला बोरसे, शेती, बोरखेडे
२. अतिक नूर महंमद शेख, मोटार वाइंडिंगचे दुकान, धरणगाव

ठिकाण : बोरखेडे, गट नंबर ११२, विहिरीजवळ
दिनांक : २१ जानेवारी २०२६