गोळीची वेळ

तीर्थरूप आईला शेंडेफळाचा लांबून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. एचआयव्हीवर कायमचा इलाज शोधणाऱ्या डॉक्टरांनी नवं इंजेक्शन देऊन माझ्या गोळ्या थांबवल्या, त्याला महिना झाला. दर आठवड्याला रक्त तपासतात. विषाणूने अजून डोकं वर काढलेलं नाही. काढलंच तर गोळ्या लगेच सुरू होतील, तेव्हा दादाला इकडे पिटाळू नकोस.

जन्मतःच आजार तुझ्याकडून मला आला म्हणून रडतेस ना? बघच, औषध माझ्याकडून तुला येईल. तोवर तुझ्या गोळ्या चुकवायच्या नाहीत हं! गुडघा काय म्हणतो?

लहानपणापासून आपण दोघी जेवण झालं की एकदमच गोळी घ्यायचो. आता तू एकटी घेतेस, तेवढंच खुपतं. म्हणून त्या वेळी मीही पेला भरून बसते. तू गोळी घे, मी नुसतं पाणी पिते.

तुझीच,
हट्टी