खोकला काढलेली फिल्म

पवनी, १२ जानेवारी, संध्याकाळ

आज यांचा आवाज ऐकला आणि तो यांचा वाटला नाही, म्हणून लिहायला बसले.

बहिणीची पल्लवी नागपूरला कॉलेजात व्हिडिओ एडिटिंग शिकते. दिवाळीत प्रोजेक्टसाठी तिने यांना गावच्या तलावावर बोलतं केलं होतं. महिन्याभरात हे गेले. आज तिने फिल्म दाखवली. हे न अडखळता बोलतात. दर दोन वाक्यांनी यायचा तो खोकला कुठेच नाही.

"खोकला काहून काढला वं?" मी खडसावलं.

"मावशी, तूच तं म्हणली होती, लोकायले खोकला ऐकवू नोको म्हणून."

म्हटलं होतं. चारचौघांत नीट दिसावं, हाच माझा हट्ट.

"मग पहिलं होतं ते दे."

"कॉलेजच्या कॉम्प्युटरवर जागा नसते. मार्क भेटले का सारं पुसून टाकतो आम्ही." पोर रडायला लागली. तिचा काय दोष?

त्या खोकल्यावरून तीस वर्षं यांना बोलले. पण फाटकाशी तो ऐकला की मी चहा ठेवायचे...

पल्लवीकडून त्याच फिल्मचा पेन ड्राइव्ह घेतला. तिला आठवण म्हणून यांचा मफलर दिला. न धुता.