दादांच्या मळ्यातला बोअर

मंगळवार, संध्याकाळ

दादांच्या मळ्यात बोअर घेतला, ही बातमी खरी निघाली. वहिनींनीच फोनवर सांगितलं. दादा पारनेरला गेले होते, तेवढ्यात लेकानं बोअरची गाडी बोलावली. "डाळिंबं वाळताना बघवंना त्याला," म्हणाल्या.

गावात कुणी बोअर घ्यायचा नाही, ही शपथ दादांनीच सगळ्यांना घ्यायला लावलेली. पावसाचा भरवसा गेला, खालचं पाणी तरी राखू, म्हणायचे. त्या शब्दाखातर शेजारच्या रहीमचाचांनी आपली लिंबाची बाग डोळ्यांदेखत जाऊ दिली.

मी गेलो तेव्हा दादा कडुलिंबाखाली बसले होते. झाडावर, अंगणात, सगळीकडे बोअरमधून उडालेली दगडाची करडी भुकटी. तेवढ्यात चाचा आले. "ऱ्हाऊ द्या, दादा. माझी गेली, पोराची तरी जगू द्या. पानी लई गोड हाय."

दादा पडलेलं एकेक पान उचलून त्यावरची भुकटी अंगठ्यानं पुसत राहिले.

चाचा भांडले असते तर दादांना सोपं गेलं असतं? आणि मी? राहू द्यावं असं मलाही वाटलंच ना. चपलांना अजून ती भुकटी आहे.

उद्या ग्रामसभा. बोअर बुजवायचा ठराव दादाच मांडणार. लेक सभेला येणार नाही. वहिनींना वाटतं, त्यानंतर तो घरीही राहणार नाही.