दीड दिवसाचा दोरा

काष्टी, मंगळवार, ३ ऑगस्ट १९४८. दिवेलागण.

लंडन ते मुंबई विमानाला दीड दिवस लागतो, हे अम्माला मीच सांगितलं होतं. धाकट्या सलीमची तार आली, रविवारी सकाळी निघतो. मी शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा लावून तिला अंतर दाखवलं. दोरा तिने मागूनच घेतला. "एवढंच ना? मग येतोच माझा सलीम."

आज पहाटे ती गेली. दुपार टळली तरी जनाजा अंगणातच. हुसेनचाचा म्हणाले, "मास्तर, हिशोब तुमीच केलाय. आनखी किती थांबायचं?" विमान काल रात्रीच उतरायला हवं होतं. मग सलीम अजून का नाही? निघालाच नसेल. मी म्हणालो, उचला.

कबरीवर माती टाकून परतलो, तर सलीम स्टेशनावरून धावत येत होता. विमान वेळेवर उतरलं होतं. दौंडला सकाळची गाडी चुकली, एवढंच. गोलावर मुंबई ते काष्टी नखाएवढंही नाही. ते मी धरलंच नव्हतं.

शेवटचं न्हाऊ घालताना अम्माच्या मुठीतून निघालेला दोरा माझ्या खिशात आहे. सलीम विचारतोय, "भाईजान, शेवटी काय म्हणत होती?"

काय सांगू? दीड दिवस, दीड दिवस, एवढंच म्हणत होती.